धरतं का तोडू

तुमच्यातल्या धाकटीने काढून पाठवलेलं चित्र मी आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आहे. हिरव्या देठावर पांढरा गोळा आणि त्यावर फुंकर मारणारी ती स्वतः. खाली तिने विचारलं आहे, 'आजी, तुमच्याकडे अशी उडणारी बी असते का?' असते. रुईचं बोंड उकललं की आतून रेशमी केसांची बी निघते आणि वाऱ्यावर हिंडत राहते. तिला आमच्याकडे म्हातारी म्हणतात. लहानपणी आम्ही 'म्हातारी आली, म्हातारी आली' करत तिच्यामागे धावायचो. आता मीच म्हातारी आहे, पण जागची हलत नाही.

तुमच्या शाळेत बियांचा प्रवास शिकवतात हे वाचून मला आमच्या बाई आठवल्या. मला कोणतीही गोष्ट पहिल्यापासून, क्रमाने सांगायची सवय आहे. तुमच्या आईला विचारा, ती कंटाळून सांगेल. पण बाई क्रमाने आठवत नाहीत. सगळ्यात आधी त्यांचे पायमोजे आठवतात.

अमरावतीच्या उन्हात बाई पुरुषी लोकरीचे पायमोजे घालून वडाळीच्या तळ्याकडे फिरायला जायच्या. वाट सोडून मुद्दाम गवतातून चालायच्या. परत येत तेव्हा मोज्यांना आणि लुगड्याच्या काठाला कुसळं, गोखरू, आघाड्याची बोंडं असं काय काय चिकटलेलं असायचं. कुणी काढायला हात पुढे केला की म्हणायच्या, "थांब. ती आपल्या पायांनी आलेली नाहीत, माझ्या पायांनी आलीत. माझे पाहुणे आहेत." मग ओट्यावर बसून एकेक कुसळ चिमटीत धरायच्या आणि त्याला विचारायच्या, "कुठून आलीस गं?" लोकरीचे मोजे कशाला, असं मी एकदा विचारलं. "बियांना वाटलं पाहिजे, मेंढी चाललीय," त्या म्हणाल्या. पावसाळा आला की त्यातला एक मोजा त्या तसाच एका पसरट कुंडीत पुरायच्या आणि पाणी घालायच्या. पंधरवड्यात मोज्यातून हिरवे कोंब यायचे.

"माय वो, या बाईनं पायमोजा पेरला," माझ्या आजीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला.

काकू लगेच कुंडीशी वाकून म्हणाली, "बाई, मोज्याले मोजे कवा लागतीन?"

"एकच पेरलाय. जोडी नाही मिळायची तुम्हाला," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

आमच्या घरामागच्या आवारात दोन खोल्या होत्या, तिथे बाई भाड्याने राहायच्या. मूळच्या पुण्याकडच्या. आमच्याच मुलींच्या हायस्कुलात निसर्गपाठ शिकवायच्या. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं, की होऊन गेलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या कधी कुंकू लावायच्या आणि कधी नाही. आजीने एकदा तोंडावरच विचारलं. बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आज राहिलं वाटतं." आजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

छत्री त्या उलटी धरायच्या. शाळेत जाताना मिटलेल्या छत्रीच्या पोटात फुलं, शेंगा, बोंडं भरलेली असायची आणि त्यामुळे पाऊस आला तरी त्यांना ती उघडता यायची नाही. फळ खाऊन बी फेकणाऱ्या माणसाकडे त्या असं बघायच्या, जसं त्याने कुणाच्या तरी नावाचं पत्र फाडलं आहे. "बी टाकायची नसते, पाठवायची असते," हे त्यांचं वाक्य. मग ती बी त्या स्वतः उचलून पदराला बांधायच्या.

काकांशी त्यांचं बरं जमायचं. माझे वडील सरकारी नोकरीत, महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर. घर काका चालवायचे. कापसाच्या बाजारात त्यांची अडत होती. बाई एकदा त्यांना म्हणाल्या की कापूस हा सरकीचा प्रवासाचा पोशाख आहे. वाऱ्यावर बसून दूर जावं म्हणून सरकीने तो अंगावर चढवला, आणि तुम्ही लोकांनी तिला वाटेतच गाठून तो उतरवून घेतला. अमरावतीची सगळी पेठ त्यावर उभी आहे.

"म्हंजे आमी वाटमारे," काका म्हणाले.

"वाटमारेच," बाई म्हणाल्या, "पण पावती देणारे."

काका त्या दिवशी जेवताना आठवून आठवून हसत होते. ते वाईट माणूस नव्हते. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल.

वर्गातला धडा मला विसरता येत नाही. बाईंनी छत्रीतून कोहळ्याची पिवळी फुलं काढली. त्या त्याला लाल भोपळा म्हणायच्या, आम्ही कोहळं. दोन फुलं दोन हातांत धरून त्यांनी अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हे नर. ही मादी. हिच्या खाली पाहा, इवलासा भोपळा आधीच बसलेला आहे. पण नराची पिवळी भुकटी इथं येऊन पडली नाही, तर हा भोपळा चार दिवसांत सुकून गळणार." आणि त्यांनी नर फूल सोलून मादी फुलात खुपसून दाखवलं.

वर्गातल्या साऱ्या माना खाली गेल्या. आम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या मुली. कुणी पदराचं टोक तोंडात कोंबलं, कुणी बाकावरची शाई नखाने खरवडायला लागली. मादी हा शब्द आम्ही घरात गाईम्हशींबद्दलसुद्धा हळू उच्चारायचो. शेवटी मागच्या बाकावरून एक धीट मुलगी उठली. "बाई, मंग देवाले कोनतं फूल वाहाचं?"

"विचारून सांगते," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "देव म्हणाले, नर वाहा. मादी वेलीवर राहू द्या. भाजी होईल."

त्या दिवसापासून मुली त्यांना कोहळेबाई म्हणायला लागल्या. बाई माझ्याच घरी राहायच्या, म्हणून त्या नावाचा अर्धा वाटा मला मिळाला.

आता काकूबद्दल. काकू घरातली सगळ्यात हसरी बाई. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिच्या हातचं पान घ्यायच्या, पण ओटी भरायची वेळ आली की ताट तिच्या हातात द्यायच्या नाहीत. तीच ते ताट माझ्या आईकडे सरकवून द्यायची, म्हणजे कुणाला नको म्हणायची वेळ यायला नको. आजीने काकांसाठी दुसरी मुलगी पाहायला सुरुवात केली होती. अकोल्याची एक मुलगी जवळजवळ ठरत आली होती. तेव्हा कायद्याची अडचण नव्हती. एक बायको असताना दुसरी करता यायची आणि पहिलीने घरातच राहून तिच्या बाळंतपणाचं पाहायचं, अशी पद्धत होती. काकू हे सगळं जाणून होती. आल्यागेल्याला लाडू तीच वळून द्यायची.

बाईंनी तिला पपईची रोपं दिली होती. काकूने ती आवारात लावली. दोन मेली, एक जगलं. बघता बघता झाड न्हाणीच्या कौलावर गेलं आणि त्याला फुलांच्या लांब लांब लडी लोंबायला लागल्या. संध्याकाळी वास यायचा. काकू रोज मान वर करून बघायची. पण फळ एक नाही.

"वांझ हातानं लावलं, वांझच निंगालं," आजी म्हणाली. काकू म्हणाली, "माह्या वळनावर गेलं," आणि हसली. पण त्यानंतर ती झाडाकडे मान वर करून बघेनाशी झाली.

त्या वर्षी दुपारचं सूर्यग्रहण आलं. आजीने पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं ठेवली आणि मुसळ बाहेर आणायला सांगितलं. आमच्याकडे रीत होती. जे झाड फळ धरत नाही, त्याला ग्रहणात मुसळ मारायचं. मारायचं म्हणजे हलकेच टेकवायचं आणि दरडावून विचारायचं, "धरतं का तोडू?" मग दुसऱ्या कुणीतरी झाडाच्या वतीने कबूल करायचं, "धरतो, धरतो, तोडू नका." झाडाच्या वतीने बोलायचं काम घरातल्या मुलीचं, म्हणजे माझं. मला ते फार आवडायचं. मागे एकदा लिंबोणीच्या वतीने मी इतकं गयावया केलं होतं की आजीलाच हसू फुटलं होतं.

उजेड पितळेसारखा झाला होता. आवारात आजी, आई, काकू, मी आणि शेजारच्या दोघी. काका ओसरीवर उभे होते, काजळी धरलेली काच डोळ्याला लावून सूर्य बघत. आजीने पपईच्या खोडाला मुसळ टेकवलं. "धरतं का तोडू?"

"धरतो, धरतो," मी म्हटलं.

मग आजीने काकूला झाडाशी उभं राहायला सांगितलं. काकू आली. तिला वाटलं असेल, झाडाला हात लावायचा आहे. आजीने मुसळ उचलून तिच्या पाठीला टेकवलं. मुसळ जड. काकू थोडी पुढे वाकली, झाडाला धरून.

"धरते का आनू दुसरी?" आजीने विचारलं.

आपल्या भाषेत झाडही धरतं आणि बाईही धरते. शब्द एकच आहे. सवयीने माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण पलीकडे कडुनिंबाखाली बसलेल्या बाई उठून मध्येच बोलल्या. ग्रहणात झाडाखालच्या सावलीत उन्हाचे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, ते त्या जमिनीवर बघत होत्या.

"आजी, अहो, तो नर आहे."

"कोनाले म्हनून राहिल्या?"

"पपईला. यांच्यात नर झाड वेगळं असतं, मादी झाड वेगळं. हा नर. हा नुसता फुलणार. त्याला धरतो का म्हणून काय विचारता? तो धरायचाच नाही."

"झाडाचं झालं," आजी म्हणाली. मुसळ अजून काकूच्या पाठीवरच होतं. "मंग हिचं काय?"

बाईंनी काकूकडे पाहिलं, मुसळाकडे पाहिलं. इथे काय चाललं आहे ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. पण त्यांचा आवाज वर्गातलाच राहिला.

"ते मी कसं सांगणार? फळ धरत नाही तेव्हा दोन झाडं बघायची असतात. तुम्ही एकालाच विचारताय."

शेजारच्या दोघींपैकी एकीने ओसरीकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. बाई आणखी काहीतरी सांगत होत्या, की पावसात पराग धुऊन जातो, तेव्हा दोष वेलीचाही नसतो आणि फुलाचाही नसतो. ते कुणाच्या कानात गेलं नाही. काकांनी काच डोळ्यावरून काढलीच नाही. ग्रहण सुटलं, ऊन पुन्हा पांढरं झालं, तरी ते सूर्याकडे तोंड करून उभे होते. आत आले तेव्हा त्यांच्या नाकावर आणि एका गालावर काजळी लागली होती. ती पुसा असं सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. आंघोळीला जाईपर्यंत ते तसेच घरात वावरले.

मला त्या दिवशी लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत. पण ती बाईंची वाटली. आमच्या घरातल्या पुरुषाला त्यांनी शेजारणींसमोर झाडाच्या रांगेत उभं केलं, याची. काकू वाकली होती, तिला आम्ही वाकवलं होतं, याची लाज तेव्हा माझ्या मनात उगवलीच नाही.

संध्याकाळी आजी बाईंच्या दारात जाऊन म्हणाली, "बाई, तुमी दुसरी जागा पाहा."

बाईंनी का म्हणून विचारलं नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "मोज्याची कुंडी मात्र जपून न्यावी लागेल. मुळं धरलीत." काकू आतून ऐकत होती. ती हसली नाही.

शेजारणींकडून गोष्ट शाळेत पोचायला वेळ लागला नाही. मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती जमायच्या. "का गं, तुह्या काकाले पुसलं का, धरतो का म्हनून?" पुढच्या वर्षी बाई अकोल्याच्या शाळेत गेल्या, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

काकांचं दुसरं लग्न झालं. धाकटी काकू माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आली तेव्हा बिचकलेली होती. थोरलीने तिला जवळ घेतलं, तिची वेणी घालायची, तिला कोहळ्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, तळायला शिकवलं. पपईचं झाड तोडायचा विषय निघाला की थोरली म्हणायची, "राहू द्या. सावली तर हाये." भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या आवारात दोन पपया होत्या. त्या वाकेपर्यंत लगडायच्या. एखादी पिकलेली ते आम्हाला आणून द्यायचे. थोरली ती कापायची आणि काळ्या बिया धुऊन पदराला बांधून ठेवायची.

मी नागपूरला कॉलेजात शिकत होते. एका सुट्टीत घरी आले असताना पुन्हा दुपारचं ग्रहण आलं. आजी खूप थकली होती, पण मुसळ तिनेच मागवलं. धाकटीलाही मूल नव्हतं. तिला पपईशी उभं केलं. ती रडत होती. आजीने मुसळ उचललं, तिच्या पाठीला टेकवलं आणि म्हणाली, "धरते का..." आणि तिथेच थांबली. पुढचं काय बोलायचं, तिसरी आणू म्हणायचं का, हे तिलाही सुचेना.

ओसरीवरून काका खाली आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ते धाकटीच्या आणि मुसळाच्या मध्ये झाडाला पाठ लावून उभे राहिले.

"आई, मले मार," ते म्हणाले. "हिचा दोष नाई. तिचाबी नव्हता. त्या बाईनं सांगतलं व्हतं. मले तवाच समजलं व्हतं."

आजीच्या हातातलं मुसळ जमिनीला टेकलं. कडुनिंबाखाली उन्हाच्या कोरी हलत होत्या. थोरली काकू पायरीवर शेंगा सोलत बसली होती. तिने वर पाहिलं.

"तवाच समजलं व्हतं," ती सावकाश म्हणाली, "अन् मंग हिले कावून आनली?"

थोरली उठली, आजीच्या हातून मुसळ घेतलं, धाकटीचा हात धरला. "चाल बाई, मिरच्या कुटाच्या हायेत," म्हणाली आणि दोघी आत गेल्या. ते मुसळ पुन्हा कधी आवारात आलं नाही.

धाकटीला मग का आणली, या थोरलीच्या प्रश्नाला आमच्या घरातून कुणीच कधी उत्तर दिलं नाही. माझ्या वडिलांनी नाही, आईने नाही. आम्ही सगळ्यांनीच बाईंचं बोलणं पहिल्या ग्रहणात ऐकलं होतं. समजलं सगळ्यांनाच होतं. तरी आम्ही अकोल्याच्या लग्नाला नटूनथटून गेलो, आणि वरपक्षाच्या मानाने बसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेले, बाईंना शोधत. घरच्यांनी मला पाठवलं नव्हतं. आमच्या घराच्या वतीने माफीचे दोन शब्द बोलावेत, असं मीच ठरवलं होतं. ते गाडीत पाठही केले होते. निघायच्या आधी सकाळी आवारात पपईपाशी थोडी उभी राहिले होते. तिथे आता गुडघ्याएवढं गवत माजलं होतं.

बाई शाळेच्या मागच्या अंगणात कुंड्यांमध्ये बसलेल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पायांत लोकरीचे मोजे होते, कपाळावर कुंकू नव्हतं. मला ओळखून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पपई तोडली नाही ना?"

"नाही, बाई."

"बरं केलंत. भिंतीपलीकडच्या दोन माद्या त्याच्याच परागावर धरत होत्या. मला रुखरुख होती."

मी त्यांना सगळं सांगितलं, काका काय बोलले ते, काकू काय बोलली ते. काकूचा प्रश्न ऐकून त्यांचे हात थांबले. मग मी पाठ केलेलं सुरू केलं, "बाई, आमच्या घरच्यांनी तुम्हाला..."

"कुठून आलीस गं?" त्यांनी मध्येच विचारलं.

मी गोंधळून अमरावतीहून म्हणणार होते. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी वाकून माझ्या साडीच्या काठाचं एक कुसळ चिमटीत धरलं होतं. आमच्या आवारातलंच असणार. बाईंनी ते उन्हात फिरवून पाहिलं, जवळच्या कुंडीत बोटाने खळगा केला आणि त्यात ठेवून वर माती लोटली.

माझं पाठ केलेलं तसंच राहिलं. आमच्या घराने बाईंना पाठवलं ते तेवढंच.